ग्रामपंचायतीचे वार्षिक लेखापरीक्षण : दप्तर कोणत्या क्रमाने लावावे आणि आक्षेप कोठे निघतात

लेखापरीक्षणाचे पत्र आले की बहुतेक ग्रामपंचायतींमध्ये सर्वप्रथम खर्चाच्या प्रमाणकांची (व्हाउचरची) फाईल कपाटातून बाहेर निघते, तिला क्रमांक दिले जातात, राहिलेल्या सह्या गोळा केल्या जातात आणि बँकेचे पासबुक शेवटच्या आठवड्यात भरून आणले जाते. हा क्रम नेमका उलटा आहे. लेखापरीक्षक बँकेच्या उताऱ्यावरून कीर्दीकडे (रोकड वहीकडे), कीर्दीवरून पावती व प्रमाणकाकडे आणि तेथून ठराव, मोजमाप व साठा नोंदीकडे जातात. आपली तयारीही त्याच वाटेने झाली पाहिजे, अन्यथा नीट लावलेली प्रमाणके बँकेच्या आकड्यांशी जुळत नाहीत आणि सारे काम नव्याने करावे लागते. नागपूर जिल्ह्यातील सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि दप्तर सांभाळणारे कर्मचारी यांच्यासाठी हा क्रम येथे टप्प्याटप्प्याने दिला आहे.

सुरुवातीला एक फरक लक्षात घ्यावा. पंचायत समितीचे विस्तार अधिकारी करतात ती दप्तर तपासणी, रोजगार हमीच्या कामांचे सामाजिक लेखापरीक्षण आणि महालेखाकार कार्यालयाची नमुना तपासणी या वेगवेगळ्या बाबी असून त्यांपैकी एक झाली म्हणून दुसरी टळत नाही. येथे विचार केला आहे तो महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १४० नुसार होणाऱ्या आणि स्थानिक निधी लेखापरीक्षा यंत्रणेकडून केल्या जाणाऱ्या वार्षिक लेखापरीक्षणाचा. त्यासाठी लागणारे हिशेब ग्रामपंचायत लेखासंहिता, २०११ मधील नमुना १ ते ३३ (ठरवून दिलेल्या नोंदवह्या व विवरणे) प्रमाणे ठेवलेले असले पाहिजेत.

पूर्वतयारी : खाती, चार्ज आणि दप्तराची यादी

प्रथम एका कागदावर ग्रामपंचायतीच्या नावाने असलेल्या सर्व बँक खात्यांची यादी करावी. ग्रामनिधी, पाणीपुरवठा आणि वित्त आयोग ही खाती सर्वांच्या लक्षात असतात. जुन्या योजनेसाठी उघडलेले, दोन-चार हजारांच्या शिलकीवर वर्षानुवर्षे पडून असलेले खाते मात्र यादीतून निसटते. पुढे बँकेच्या पत्रातून ते उघड झाले की त्याचा हिशेबच ठेवला नसल्याचा आक्षेप येतो. म्हणून गावाशी व्यवहार असलेल्या प्रत्येक बँक शाखेला पत्र देऊन ३१ मार्चची शिल्लक दर्शविणारा दाखला मागवावा आणि यादी त्या दाखल्यांवरून पूर्ण करावी.

दुसरी गोष्ट चार्जची, म्हणजे कार्यभार सोपवण्याची. ज्या वर्षाचे लेखापरीक्षण आहे त्या वर्षात अधिकारी बदलले असतील, तर चार्ज यादी काढून त्यातील प्रत्येक नोंदवही प्रत्यक्ष पाहून घ्यावी. एखादी वही मिळालेली नसेल तर ते लेखापरीक्षकांसमोर प्रथमच सांगणे फार उशिराचे ठरते. पूर्वीच्या अधिकाऱ्यांकडे व गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी मागणी केल्याची पोच त्याआधीच दप्तरात असावी.

> तपासणी : नमुना १ ते ३३ यांची यादी करून प्रत्येकापुढे "आहे", "अद्ययावत नाही" किंवा "लागू नाही" असे लिहावे. कर्ज घेतलेच नसेल तर नमुना २९ ची वही "निरंक" असा शेरा व स्वाक्षरीसह ठेवावी. वही नसणे आणि वही निरंक असणे यांत लेखापरीक्षक फरक करतात.

टप्पा १ : प्रत्येक खात्याचा कीर्दीशी ताळमेळ

सर्वाधिक वेळ या टप्प्याला द्यावा. नमुना ५ च्या सामान्य रोकड वहीतील ३१ मार्चची शिल्लक आणि बँक उताऱ्यातील शिल्लक एकच येईल, अशी अपेक्षा धरू नये. त्या दोहोंतील फरकाचा प्रत्येक रुपया कशामुळे आला हे लेखी सांगता आले पाहिजे. ताळमेळ कसा मांडावा हे एका उदाहरणाने पाहू.

समजा, ग्रामनिधीच्या कीर्दीत ३१ मार्चला ४,८२,३५० रुपये शिल्लक आहेत आणि बँकेच्या उताऱ्यात ५,३६,१५० रुपये आहेत. फरक ५३,८०० रुपयांचा. उतारा ओळीने तपासल्यावर चार गोष्टी सापडतात. ६१,००० रुपयांचा धनादेश दिला गेला, पण तो वटलेला नाही. ३० मार्चला भरणा केलेले १२,००० रुपये बँकेत २ एप्रिलला जमा झाले. बँकेने दिलेले ५,०३६ रुपयांचे व्याज कीर्दीत घेतलेले नाही. बँकेने कापलेले २३६ रुपयांचे शुल्कही खर्ची टाकलेले नाही. कीर्दीच्या शिलकीत ६१,००० मिळवले, १२,००० वजा केले, ५,०३६ मिळवले आणि २३६ वजा केले की बरोबर ५,३६,१५० रुपये येतात.

या चार नोंदींचे स्वरूप सारखे नाही, आणि येथेच चूक होते. व्याज व शुल्क यांच्या नोंदी कीर्दीत घेणे आवश्यक आहे. त्या घेतल्यावर कीर्दीची शिल्लक ४,८७,१५० रुपये होते. उरलेला ४९,००० रुपयांचा फरक केवळ काळाचा आहे, तो ताळमेळ पत्रकात दाखवायचा असतो; त्यासाठी कीर्दीत काहीही करायचे नसते. अनेक ठिकाणी मात्र फरक मिटवण्यासाठी कीर्दीतील शिल्लकच खोडून बँकेच्या शिलकीएवढी लिहिली जाते. ही खाडाखोड दिसली की लेखापरीक्षक त्या संपूर्ण वर्षाची कीर्द अधिक बारकाईने पाहतात, आणि ते योग्यच आहे.

न वटलेल्या धनादेशांची तारीखही पाहावी. धनादेशाची मुदत तीन महिन्यांची असते. नोव्हेंबरमध्ये दिलेला धनादेश मार्चअखेरही "न वटलेला" म्हणून यादीत असेल, तर तो रद्द करून रक्कम कीर्दीत परत जमेला घेतली पाहिजे. ऑनलाइन व्यवहारांतही असाच प्रकार घडतो : पीएफएमएस या शासकीय ऑनलाइन प्रदान प्रणालीतून पाठवलेले देयक खाते क्रमांकातील चुकीमुळे बँकेतून परत येते, पण कीर्दीत ते खर्ची पडलेले राहते, आणि पुरवठादाराला दुसऱ्यांदा रक्कम दिली की खर्च दुप्पट दिसू लागतो.

ताळमेळ दरमहा करणे हाच खरा मार्ग आहे. तो झालेला नसेल तर मार्चपासून मागे जाण्याऐवजी एप्रिलपासून पुढे यावे, कारण आरंभीची शिल्लक जुळल्याशिवाय पुढचा कोणताही महिना खात्रीने जुळत नाही.

> सावधान : कीर्दीत चुकलेला आकडा पांढऱ्या शाईने पुसू नये व त्यावर गिरवूही नये. एक आडवी रेघ ओढून योग्य आकडा वर लिहावा आणि तारखेसह स्वाक्षरी करावी.

टप्पा २ : जमेची बाजू, मागणीपासून भरण्यापर्यंत

करवसुलीची तपासणी नमुना ८ च्या आकारणी नोंदवहीपासून सुरू होते. त्यावरून नमुना ९ ची मागणी, त्यावर नमुना १० ची पावती, तेथून रोकड वही आणि शेवटी बँकेतील भरणा, अशी ही साखळी आहे. तिची पहिली परीक्षा साधी आहे : मागील वर्षअखेरची थकबाकी आणि या वर्षाच्या मागणी नोंदवहीतील आरंभीची थकबाकी एकच असली पाहिजे. नवीन वही लिहिताना काही खातेदार गळतात किंवा जुनी बाकी अर्धवट ओढली जाते आणि थकबाकी कोणत्याही आदेशाशिवाय कमी झालेली दिसते.

नागपूर शहराला लागून असलेल्या नागपूर ग्रामीण, हिंगणा आणि कामठी तालुक्यांतील ग्रामपंचायतींना येथे विशेष काळजी घ्यावी लागते. शेतीच्या जागी लेआउट पडतात, प्लॉट विकले जातात, घरे उभी राहतात, आणि बांधकाम परवानगीचे काम महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे असल्यामुळे नव्या बांधकामाची माहिती ग्रामपंचायतीकडे आपोआप येत नाही. आकारणी नोंदवही चार वर्षांपूर्वीचीच राहिली, तर मागणी कमी काढल्याचा आणि त्यातून ग्रामनिधीचे नुकसान झाल्याचा आक्षेप निघतो. चार वर्षांनी करावयाच्या फेरआकारणीची तारीख उलटली आहे का, हे याच वेळी पाहावे.

आठवडी बाजाराचा लिलाव, गाळ्यांचे भाडे, कोंडवाडा यांसारख्या उत्पन्नाची मागणी नमुना ११ च्या किरकोळ मागणी नोंदवहीत असावी. लिलाव घेणाऱ्याने निम्मीच रक्कम भरली असेल, तर करारनामा, सुरक्षा ठेव आणि दिलेल्या नोटिसा एकत्र ठेवाव्यात.

या टप्प्यातील सर्वांत गंभीर चूक म्हणजे वसुलीचे रोख पैसे बँकेत न भरता थेट खर्च करणे. पथदिव्यांची दुरुस्ती तातडीची होती, बँक तालुक्याला होती, रक्कम लहान होती, अशी कारणे खरी असली तरी ती मान्य होत नाहीत. खर्च योग्य आणि पुराव्यासह असला तरीही अशी रक्कम आक्षेपात जाते.

> तपासणी : छापून आलेल्या प्रत्येक पावती पुस्तकाचा क्रमांक साठा नोंदीत आहे का? वापरलेली, अर्धवट व कोरी पुस्तके समोर ठेवून मोजावीत. रद्द केलेल्या पावतीची मूळ प्रत पुस्तकातच चिकटवलेली असावी. एक पुस्तक हरवले असल्यास त्यातून किती वसुली झाली हे सिद्ध करणे जवळपास अशक्य असते.

टप्पा ३ : खर्चाची प्रमाणके

आता प्रमाणकांची फाईल उघडावी. कीर्दीतील क्रमानेच प्रमाणकांना क्रमांक द्यावेत आणि प्रत्येक प्रमाणकासोबत अर्थसंकल्पातील शीर्ष, मासिक सभेच्या ठरावाचा क्रमांक व दिनांक, दरपत्रके, पुरवठा आदेश, देयक आणि साठा नोंदीचा पृष्ठ क्रमांक आहे का हे पाहावे. अर्थसंकल्पात तरतूद नसलेला किंवा तरतुदीपेक्षा जास्त झालेला खर्च असेल तर नमुना २ मधील पुनर्विनियोजन (तरतुदींची फेरवाटणी) खर्चाच्या आधी मंजूर झालेले असावे लागते.

खरेदीच्या मर्यादा वेळोवेळी बदलतात. म्हणून व्यवहाराच्या दिवशी लागू असलेल्या शासन निर्णयाची प्रत त्या वर्षाच्या प्रमाणक फाईलच्या पहिल्या पानाला लावून ठेवावी. पुढे मर्यादा बदलली तरी आपण कोणत्या नियमाने खरेदी केली हे दाखवता येते.

एकाच दुकानाच्या एकाच हस्ताक्षरातील तीन दरपत्रके, एकाच दिवशी एकाच वस्तूची तीन लहान देयके, आणि खर्चानंतरच्या सभेत घेतलेली कार्योत्तर मंजुरी, या तीन गोष्टी लेखापरीक्षकांच्या नजरेतून सुटत नाहीत. कार्योत्तर मंजुरी हा अपवाद आहे. वर्षभराचा सर्व खर्च तिच्यावरच उभा असेल, तर ठराव असूनही प्रक्रियेचा आक्षेप येणारच.

टप्पा ४ : विकासकामांच्या नस्त्या (फाईली)

मोठ्या रकमा येथे असतात आणि मोठे आक्षेपही येथेच निघतात. प्रत्येक कामाची स्वतंत्र नस्ती करावी, मग ते गावातील सिमेंट रस्त्याचे असो, नालीचे असो वा पांदण रस्त्याचे. कागद पुढील क्रमाने लावावेत : ग्रामसभेचा व आराखड्याचा संदर्भ, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा किंवा दरपत्रक प्रक्रिया, करारनामा, कार्यारंभ आदेश, साहित्य चाचणी अहवाल, मोजमाप, देयक, कामाआधीची, काम सुरू असतानाची व काम पूर्ण झाल्यानंतरची छायाचित्रे, आणि पूर्णत्वाचा दाखला. कामाच्या अंदाजाची नोंद, मोजमाप वही आणि कामाचे देयक हे तिन्ही नमुना २० चेच भाग आहेत, म्हणून त्यांतील आकडे परस्परांशी जुळले पाहिजेत.

नस्ती लावून झाल्यावर एका कोऱ्या कागदावर त्यातील फक्त तारखा उतरवून काढाव्यात. मान्यता, निविदा, आदेश, मोजमाप, देयक, रक्कम अदा, या क्रमाने तारखा पुढे पुढे गेल्या पाहिजेत. एका ग्रामपंचायतीच्या नस्तीत मी देयकाची तारीख ९ मार्च आणि मोजमापाची तारीख १२ मार्च पाहिली होती. काम उत्तम झाले होते, रस्ता आजही वापरात आहे, पण मोजमापाआधी देयक कसे निघाले याचे उत्तर कोणाकडेच नव्हते आणि संपूर्ण रक्कम आक्षेपाधीन झाली. मार्चअखेर निधी परत जाईल या घाईत असे घडते. त्यामुळे मार्चमधील कामांच्या नस्त्या इतरांपेक्षा दुप्पट काळजीने पाहाव्यात.

वित्त आयोगाच्या निधीसाठी आणखी एक पाहणी लागते. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळातील अनुदानात ६० टक्के निधी बंधित होता, म्हणजे ३० टक्के पेयजलाशी व ३० टक्के स्वच्छतेशी संबंधित कामांसाठी, आणि उरलेला ४० टक्के अबंधित. बंधित निधीतून सभागृहाची दुरुस्ती किंवा प्रवेशद्वार केलेले असल्यास ते काम कितीही उपयुक्त असले तरी निधीचे विचलन ठरते. प्रत्येक कामापुढे ते कोणत्या भागातून केले हे लिहून दोन्ही भागांची बेरीज स्वतंत्र काढावी.

> सावधान : डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल आणि त्याचा पासवर्ड संगणक परिचालकाकडे सोपवून ठेवू नये. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या स्वाक्षरीने गेलेल्या प्रत्येक रकमेची जबाबदारी त्यांचीच असते. "मला माहीत नव्हते" हे उत्तर लेखापरीक्षणात टिकत नाही. आपल्या नावाचे डोंगल आपल्याच ताब्यात ठेवावे आणि मंजुरी देताना देयकाची नस्ती समोर असावी.

टप्पा ५ : कपाती आणि राखीव खर्च

कंत्राटदाराच्या देयकातून आयकर, १ टक्का कामगार कल्याण उपकर, गौण खनिजाचे स्वामित्वधन आणि, कराराची रक्कम अडीच लाखांपेक्षा जास्त असल्यास, २ टक्के वस्तू व सेवा कर कापला जातो. कपात करणे हे अर्धेच काम आहे. कापलेली रक्कम मुदतीत शासनखाती भरून चलन त्याच नस्तीला लावले नाही, तर ती रक्कम ग्रामपंचायतीच्या खात्यात शिल्लक म्हणून दिसत राहते व नकळत दुसऱ्या कामावर खर्च होते. वस्तू व सेवा कराची कपात पुढील महिन्याच्या १० तारखेपर्यंत भरायची असते. कंत्राटदाराने मुरूम व गिट्टीचे वाहतूक परवाने दिले असतील तर ते मूळ स्वरूपात जोडावेत.

स्वउत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणे बंधनकारक आहे. पहिल्या दोहोंचे विवरण नमुना २८ मध्ये येते. दिव्यांगांच्या खर्चाचे विवरणही तसेच तयार ठेवावे. येथे नेहमीची चूक अशी की योजनेच्या अनुदानातून झालेला खर्च या टक्केवारीत दाखवला जातो. टक्केवारी स्वउत्पन्नावर काढायची आणि खर्चही त्यातूनच दाखवायचा. ०.२५ टक्के जिल्हा ग्रामविकास निधीची वर्गणी भरल्याची पावतीही याच फाईलमध्ये असावी.

टप्पा ६ : साठा, मालमत्ता, अग्रीम

पथदिवे, ब्लिचिंग पावडर, पाइप यांची खरेदी नमुना १५ मध्ये जमा आणि वापराची तारीख व ठिकाणासह खर्ची पडलेली असावी. संगणक, पंप, खुर्च्या नमुना १६ मध्ये. इमारती, रस्ते व जमिनी अनुक्रमे नमुना २२, २३ व २४ मध्ये. वर्षात पूर्ण झालेल्या प्रत्येक कामाची नस्ती मालमत्ता नोंदवहीशी ताडून पाहावी. दिलेले अग्रीम नमुना १७ मध्ये वर्षअखेर थकीत असल्यास ते कोणाकडे व कशासाठी आहे हे नाव आणि रकमेसह लिहावे.

> तपासणी : पंपाच्या देयकावर नमुना १६ चा पृष्ठ क्रमांक आहे, पण पंप जागेवर आहे का? एकदा प्रत्यक्ष जाऊन पाहावा.

टप्पा ७ : वार्षिक विवरणे आणि ऑनलाइन नोंदी

आधीचे सहा टप्पे पूर्ण झाल्यावरच नमुना ३ चे जमाखर्च विवरण आणि नमुना ४ चे मत्ता व दायित्वांचे विवरण तयार करावे. नमुना २६ च्या बारा मासिक विवरणांची बेरीज नमुना ३ शी जुळली पाहिजे, आणि हेच आकडे ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या ऑनलाइन हिशेब पोर्टलवर असले पाहिजेत. वहीत एक आणि पोर्टलवर दुसराच आकडा, हा अलीकडे वारंवार निघणारा आक्षेप आहे, कारण नोंदी करणारी व्यक्ती वेगळी असते आणि वर्ष बंद केल्यावर वहीतील दुरुस्त्या पोर्टलवर पोहोचत नाहीत. पंधराव्या वित्त आयोगाने अनुदानासाठी मागील वर्षाचे तात्पुरते आणि त्याआधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन उपलब्ध असण्याची अट घातली होती, त्यामुळे हा फरक थेट निधीवर परिणाम करू शकतो.

टप्पा ८ : लेखापरीक्षण चालू असताना

दप्तर देताना यादी करून पोच घ्यावी आणि कार्यालयातच बसण्याची, प्रकाशाची व पाण्याची सोय करावी. मे महिन्यातील नागपूरच्या उन्हात बंद खोलीत वह्या तपासणाऱ्या माणसाला पंखा हवा, ही साधी गोष्टही आधी पाहावी. माहिती देण्यासाठी एकच जबाबदार व्यक्ती नेमावी, म्हणजे एकाच प्रश्नाला दोन वेगवेगळी उत्तरे जात नाहीत.

लेखापरीक्षक आपल्या शंका अर्धसमासपत्राद्वारे (तपासणी चालू असताना दिलेल्या लेखी विचारणापत्राद्वारे) विचारतात. हीच आक्षेप टाळण्याची सर्वांत मोठी संधी आहे आणि तिचाच सर्वांत कमी उपयोग केला जातो. अनेक अर्धसमासपत्रे उत्तराविना परत जातात आणि जी शंका एका कागदाने मिटली असती ती अहवालात परिच्छेद म्हणून येते. प्रत्येक अर्धसमासपत्राला लेखी उत्तर, त्यासोबत कागदाची प्रत, आणि दिल्याची पोच ठेवावी. ऑडिटऑनलाइन या लेखापरीक्षणाच्या संगणक प्रणालीवर नोंदवलेल्या निरीक्षणांनाही त्याच प्रणालीत उत्तर द्यावे. तोंडी खुलाशाची तेथे नोंद होत नाही.

> सावधान : लेखापरीक्षण सुरू झाल्यावर मागील तारखेचे ठराव लिहू नयेत आणि प्रमाणके तयार करू नयेत. कागद नसेल तर "उपलब्ध नाही, शोध सुरू आहे" असे लेखी द्यावे. कागद नसणे हा आक्षेप आहे. बनावट कागद हा गुन्हा आहे.

टप्पा ९ : अहवाल आल्यानंतरची शकपूर्तता (आक्षेपांची पूर्तता)

अहवालातील प्रत्येक परिच्छेद नमुना ३० च्या नोंदवहीत उतरवून त्यापुढे तो कोणत्या प्रकारचा आहे हे लिहावे, कारण पूर्ततेचा मार्ग प्रकारानुसार बदलतो. कागदाअभावी आक्षेपाधीन झालेल्या रकमेसाठी तो कागद साक्षांकित प्रतीसह सादर करावा लागतो. प्रक्रियेतील त्रुटीसाठी सक्षम अधिकाऱ्यांची मान्यता मिळवावी लागते. वसूलपात्र रकमेसाठी मात्र दुसरा उपाय नाही : रक्कम वसूल करून ज्या खात्यातून गेली त्याच खात्यात भरणा केल्याची पावती आणि बँकेचा उतारा दोन्ही जोडावे लागतात.

"नोंद घेतली", "यापुढे दक्षता घेण्यात येईल" ही वाक्ये म्हणजे पूर्तता नव्हे. अशी उत्तरे पाठवलेल्या ग्रामपंचायतींचे परिच्छेद वर्षानुवर्षे तसेच राहतात आणि ज्यांच्या काळातील ते आहेत त्यांची बदली किंवा निवृत्ती झाली की कागद मिळणे अवघड होते.

अनुपालन, म्हणजे आक्षेपांच्या पूर्ततेचे उत्तर, लेखापरीक्षण अहवालासोबतच्या पत्रात दिलेल्या मुदतीत, मासिक सभेत वाचून, पंचायत समितीमार्फत पाठवावे आणि नमुना २७ चे आक्षेपाधीन रकमांचे मासिक विवरण दरमहा द्यावे. कलम ८ नुसार आर्थिक वर्षातील पहिल्या ग्रामसभेपुढे वार्षिक हिशेब व प्रशासन अहवालाबरोबर शेवटची लेखापरीक्षा टिप्पणी आणि तिला दिलेली उत्तरेही ठेवायची असतात. अनेक गावांत जमाखर्च वाचला जातो आणि टिप्पणी वगळली जाते. ती परिच्छेदनिहाय वाचून कार्यवृत्तात तसे नमूद करावे.

परिच्छेद वगळल्याचे पत्र हाती येईपर्यंत नमुना ३० मधील नोंद उघडीच ठेवावी. पत्र आल्यावर त्याचा क्रमांक व दिनांक लिहून नोंद बंद करावी, आणि चार्ज देताना उघड्या राहिलेल्या परिच्छेदांची यादी, पाठवलेल्या अनुपालनाच्या प्रतींसह, पुढच्या अधिकाऱ्यांच्या स्वाक्षरीने सोपवावी.